तीन समीकरणे, तीन अज्ञाते, तरीही उत्तर नाही : ट्रॉलीचे उदाहरण आणि शून्य आलेला निश्चयक

प्रथमवर्ष_लातूर

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. या सत्रात रेषीय बीजगणित आणि यामिकी हे दोन्ही विषय एकदमच आले आहेत. यामिकीच्या गृहपाठातले एक उदाहरण तीन दिवसांपासून सुटत नाही, म्हणून माझे सगळे काम इथे मांडते आहे. नुसते उत्तर नको आहे. माझी वाट कुठे चुकली ते समजून घ्यायचे आहे.

उदाहरण असे : एक ट्रॅक्टर एकामागे एक जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या सपाट रस्त्यावरून ओढतो. पुढच्या ट्रॉलीचे वस्तुमान ६००० किलोग्रॅम आणि मागचीचे ८००० किलोग्रॅम आहे. रस्त्याचा विरोध पुढच्या ट्रॉलीला ३००० न्यूटन आणि मागचीला ४००० न्यूटन आहे. ट्रॅक्टरची ओढ, दोन ट्रॉल्यांमधल्या जोडणीतला ताण आणि त्वरण काढा.

ओढीला ओ, ताणाला ता आणि त्वरणाला त्व मानून मी तीन समीकरणे लिहिली.

पुढची ट्रॉली : ओ − ता − ३००० = ६००० त्व
मागची ट्रॉली : ता − ४००० = ८००० त्व
दोन्ही मिळून : ओ − ७००० = १४००० त्व

दहावीला आपण क्रेमरची पद्धत दोन चलांसाठी शिकलो होतो. तीच आता तीन चलांसाठी शिकवली आहे. सहगुणकांचा निश्चयक (डिटर्मिनंट, ज्याने या पद्धतीत शेवटी भागायचे असते) काढला तर −१४००० + ८००० + ६००० म्हणजे शून्य येतो, आणि शून्याने भागता येत नाही. मग ओळींवरच्या क्रिया करून पाहिल्या, तर शेवटच्या ओळीत ० = ० असे उरले. गणिती क्रिया चार वेळा तपासल्या आहेत. तीन अज्ञातांना तीन समीकरणे असली की उत्तर मिळते, असे मी धरून चालले होते. मग इथे काय बिघडले?

मोंढा_जालना

निश्चयक शून्य आला म्हणजे उत्तर अस्तित्वातच नाही, असे आम्हाला शिकवणीत सांगितले होते. उदाहरणच चुकीचे छापले असावे.

गोदाकाठ_परभणी

मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. निश्चयक शून्य असणे म्हणजे ‘उत्तर नाही’ असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की ‘एकमेव उत्तर नाही’. मग दोन शक्यता उरतात : एकही उत्तर नसणे, किंवा अनंत उत्तरे असणे. यांपैकी कोणती खरी हे निश्चयक सांगत नाही, ओळींवरच्या क्रिया सांगतात. शेवटी ० = ० उरले तर समीकरणे एकमेकांशी सुसंगत आहेत, पण त्यांतले किमान एक फालतू आहे. ० = ५०० असे काही उरले तर समीकरणे एकमेकांच्या विरोधात आहेत. बेरीज करताना ७००० ऐवजी ७५०० लिहिले गेले असते, तर नेमके हेच दिसले असते.

आता तुमच्या तिसऱ्या समीकरणाकडे पाहा. पहिली आणि दुसरी ओळ एकाखाली एक लिहून बेरीज करा. डावीकडे −ता आणि +ता एकमेकांना खोडतात, विरोधांची बेरीज ७००० होते, वस्तुमानांची १४००० होते, आणि हातात तिसरे समीकरण येते. म्हणजे ते नवीन नव्हतेच. पहिल्या दोघांतच ते दडलेले होते. बीजगणिताच्या भाषेत तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींवर रेषीयदृष्ट्या अवलंबून आहे आणि सहगुणकांच्या तक्त्याची, म्हणजे मॅट्रिक्सची, रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) तीन नसून दोन आहे.

पण हे केवळ बीजगणितातले दुर्दैव समजू नका, त्यामागे यामिकी आहे. ता का खोडला गेला? जोडणी पुढच्या ट्रॉलीला जेवढ्या बलाने मागे खेचते, तेवढ्याच बलाने ती मागच्या ट्रॉलीला पुढे खेचते, हा न्यूटनचा तिसरा नियम आहे. अंतर्गत बलांची अशी जोडी संपूर्ण संचाच्या समीकरणात कधीच उरत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूचे समीकरण एकदा लिहून झाले की ‘सगळ्यांचे मिळून’ लिहिलेले समीकरण पडताळ्याला उपयोगी पडते, पण माहितीत भर घालत नाही. पहिल्या वर्षाच्या वह्यांत ही चूक मी फार वेळा पाहिली आहे, आणि ती मेहनती विद्यार्थ्यांचीच असते.

तेव्हा तुमच्याकडे खरी समीकरणे दोन आणि अज्ञाते तीन आहेत. उदाहरणात आणखी एखादे वाक्य आहे का? सगळे शब्द पुन्हा वाचून कळवा.

प्रथमवर्ष_लातूर

सर, वाक्य आहे. ‘विरामावस्थेतून निघालेला ट्रॅक्टर २० सेकंदांत ताशी १८ किलोमीटर वेग गाठतो.’ हे वाक्य ‘ब’ या उपप्रश्नाच्या वर छापलेले होते, त्यामुळे ते फक्त ‘ब’साठी आहे असे मला वाटले.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणून त्वरण ५ ÷ २० = ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. मागच्या ट्रॉलीवरून ताण ४००० + ८००० × ०.२५ = ६००० न्यूटन. पुढच्या ट्रॉलीवरून ओढ ६००० + ३००० + १५०० = १०५०० न्यूटन. आता ते तिसरे समीकरण पडताळ्याला घेतले : १०५०० − ७००० = ३५००, आणि १४००० × ०.२५ सुद्धा ३५००. जुळले.

तरी एक शंका राहतेच. हे वाक्य खरोखरच नसते तर ‘अनंत उत्तरे’ याचा अर्थ काय? रस्त्यावर ट्रॅक्टर तर एकच चालला आहे.

गोदाकाठ_परभणी

अगदी योग्य प्रश्न विचारलात. त्वरण मोकळे ठेवून बाकीची दोन अज्ञाते त्याच्यावरून लिहा :

ता = ४००० + ८००० त्व
ओ = ७००० + १४००० त्व

हे उत्तर दोन भागांचे बनले आहे. (ओ, ता, त्व) या क्रमाने लिहिले तर पहिला भाग (७०००, ४०००, ०) आहे आणि दुसरा (१४०००, ८०००, १) या सदिशाची त्व पट. पहिला भाग म्हणजे ट्रॅक्टर एकसमान वेगाने चालला असतानाची स्थिती : ओढ फक्त रस्त्याचा विरोध सोसते. दुसरा भाग सांगतो की त्वरण १ ने वाढवायचे असेल तर ओढ १४००० ने आणि ताण ८००० ने वाढवावा लागेल. त्यात विरोधाचा मागमूस नाही, केवळ वस्तुमाने आहेत, कारण तो भाग उजवीकडे सगळी शून्ये असलेल्या समीकरणांचे उत्तर आहे. बीजगणिताच्या तासाला ‘एक विशिष्ट उत्तर अधिक सजातीय समीकरणांची सगळी उत्तरे’ असे जे फळ्यावर लिहिले जाते, ते हेच. ट्रॅक्टर एकच आहे हे खरे, पण चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला हे तुम्ही सांगितलेले नाही. अनंत उत्तरे म्हणजे त्या पायाच्या सगळ्या शक्यता.

ऊसवाला_माजलगाव

आमच्या घरी ट्रॅक्टर आहे आणि कारखान्याच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावूनच ऊस जातो, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. ट्रॅक्टर निघताना आधी पुढच्या हुकाची पिन ‘खट्’ वाजते, ट्रॉली हलते, आणि थोड्या वेळाने मागची पिन वाजते. पिन आणि हुकाचे भोक यांच्यात बोटभर जागा असते. त्या मधल्या क्षणी पुढची ट्रॉली चालू लागलेली असते आणि मागची जागेवरच उभी असते. मग दोघींचे त्वरण एकच कसे धरायचे?

गोदाकाठ_परभणी

फार मोलाची नोंद आहे, आणि ती प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावी. ‘दोन्ही ट्रॉल्यांचे त्वरण समान’ हे गृहीतक आहे, आणि जोडणी ताणलेली असेल तेव्हाच ते खरे असते. तुम्ही सांगितलेल्या त्या क्षणी ता शून्य आहे, दोन त्वरणे वेगळी आहेत, आणि समीकरणांचा संचच निराळा आहे. समान त्वरणाचे बंधन आपण मनातल्या मनात घालतो, म्हणून आपल्याकडे दोनऐवजी एकच त्व उरतो. समीकरणे मोजताना अशी न लिहिलेली बंधनेही मोजली पाहिजेत. दोरी ताठ आहे, कप्पी वजनरहित आहे, ठोकळा फळीवरून उचलला जात नाही, ही सगळी त्याच जातीची.

औसा_नाका

याच धर्तीचे एक मोठे उदाहरण सुचवतो. आपल्या भागातल्या कुणालाही ते लगेच डोळ्यांसमोर येईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी ‘जलदूत’ रेल्वे सुरू झाली. पहिली खेप १० वाघिणींची होती, नंतर ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर पाणी. मी तेव्हा शाळेत होतो आणि घागरींच्या रांगेत उभा राहिलो आहे, त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी केवळ आकडा नाही.

आता समजा प्रत्येक वाघिणीचे पाण्यासह वस्तुमान ‘व’ आणि रुळांचा विरोध ‘र’, दोन्ही सर्वांना समान. वाघिणी ५०, म्हणून समीकरणे ५०. अज्ञाते मात्र ५० ताण आणि एक त्वरण, अशी ५१. त्वरण दिलेले असेल तरच उदाहरण सुटते. ते दिले की मॅट्रिक्स फार देखणी दिसते : कर्णावर सगळीकडे १, त्याच्या लगेच उजवीकडे −१, बाकी सर्वत्र शून्य. अशा त्रिकोणी मॅट्रिक्सचा निश्चयक म्हणजे कर्णावरच्या संख्यांचा गुणाकार, म्हणजे इथे १. तो शून्य होण्याची भीतीच नाही. आणि सोडवायला शेवटच्या वाघिणीपासून सुरुवात करायची, कारण तिच्या मागे ओढायला काही नाही. तिच्या पुढच्या जोडणीतला ताण (व × त्व + र), त्याआधीच्या जोडणीत त्याच्या दुप्पट, असे करत इंजिनाच्या मागच्या पहिल्या जोडणीत ५० पट. म्हणजे सगळ्यात जास्त जोर पहिल्या जोडणीवर येतो. शेवटच्या ओळीतून उत्तर काढत वर सरकण्याची जी रीत बीजगणितात शिकवतात, ती मला या गाडीवरून समजली.

मोंढा_जालना

माझा आधीचा प्रतिसाद चुकीचा होता हे मान्य करतो. आता माझीही एक अडचण मांडतो. सोयाबीनचे ६० किलोचे पोते ट्रकवरून तिरप्या फळीवरून घसरते. फळीच्या कोनाचा साईन ०.६ आणि कोसाईन ०.८ आहे, घर्षण गुणांक ०.५. पुस्तकातले उत्तर १.९६ आहे, माझे ०.९८ येते. मी वजन ६० × ९.८ = ५८८ न्यूटन घेतले, घर्षण त्याच्या निम्मे म्हणजे २९४, उताराच्या दिशेचा वजनाचा घटक ३५२.८. फरक ५८.८, भागिले ६०. पुस्तकात ‘नॉर्मल रिॲक्शन’ असा शब्द आहे. म्हणजे जमिनीची नेहमीची प्रतिक्रिया, जी वजनाएवढीच असते, असे मी घेतले.

प्रथमवर्ष_लातूर

दादा, माझाही अकरावीत हाच घोटाळा झाला होता, म्हणून मी उत्तर देते. इथे ‘नॉर्मल’ म्हणजे नेहमीची नव्हे. गणितात नॉर्मल म्हणजे लंब. मराठीत तिला लंब प्रतिक्रिया म्हटले की गैरसमजाला जागाच राहत नाही. ती फळीला लंब असते, आणि पोते फळीतून आत जात नाही किंवा वर उचलले जात नाही, एवढे साधण्यासाठी लागेल तितकीच असते. फळी आडवी असेल तेव्हा ती वजनाएवढी निघते, पण तो एक खास प्रसंग झाला. इथे ती ५८८ × ०.८ = ४७०.४ न्यूटन आहे, घर्षण २३५.२, आणि ३५२.८ − २३५.२ = ११७.६. त्याला ६० ने भागले की १.९६.

मी आता इंग्रजी शब्द आला की त्याच्याशेजारी मराठी शब्द पेन्सिलने लिहिते. स्केलर म्हणजे अदिश, व्हेक्टर म्हणजे सदिश, इक्विलिब्रियम म्हणजे समतोल. परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे, पण विचार करताना अर्थ सांडू नये म्हणून.

मोंढा_जालना

धन्यवाद ताई. आमच्या मोंढ्यात हमाल फळीवरून पोते सोडताना एक हात पोत्याच्या खालच्या बाजूला धरून चालतात, ते रोज पाहतो, पण ते पोते फळीवर किती दाबते याचा विचार कधी केला नव्हता. आता दुसरी शंका. अक्ष फळीच्या दिशेने तिरपे का घ्यायचे? आडवे-उभे अक्ष घेतले तर चूक ठरेल का?

गोदाकाठ_परभणी

चूक मुळीच ठरणार नाही, करून पाहा. आडव्या दिशेत लंब प्रतिक्रियेचा घटक ४७०.४ × ०.६ = २८२.२४, घर्षणाचा उलट दिशेने २३५.२ × ०.८ = १८८.१६, फरक ९४.०८, म्हणजे आडवे त्वरण १.५६८. उभ्या दिशेत ५८८ − ३७६.३२ − १४१.१२ = ७०.५६, म्हणजे खाली १.१७६. १.९६ चे ०.८ आणि ०.६ पट करून बघा, तेच आकडे येतात.

त्वरण हा सदिश तोच आहे, आपण फक्त त्याला मोजण्याची चौकट फिरवली. रेषीय बीजगणितात यालाच आधार बदलणे म्हणतात, आणि एका चौकटीतले घटक दुसरीत नेणारी मॅट्रिक्स इथे ०.८ आणि ०.६ या दोन संख्यांचीच बनते. तिरपी चौकट सोयीची का, याचे कारण असे की तिच्यात त्वरणाचा एक घटक आपोआप शून्य होतो, आणि लंब प्रतिक्रिया एकाच समीकरणातून सुटी निघते. मी वर त्या प्रतिक्रियेची तयार किंमत वापरली आहे. ती आधी माहीत नसेल तर आडव्या-उभ्या चौकटीत दोन्ही समीकरणे एकत्र सोडवावी लागतात.

प्रथमवर्ष_लातूर

सर, आज याच गृहपाठातले शेवटचे उदाहरण घेतले आणि मला जुनाच आजार दिसला. ८० न्यूटन वजनाचा चौकोनी चौरंग सपाट फरशीवर आहे, वजन मध्यावर आहे. चारही पायांवरची प्रतिक्रिया काढा. मी चार प्रतिक्रियांची बेरीज ८० हे एक समीकरण लिहिले आणि दोन बाजूंभोवतीच्या आघूर्णांची (बल गुणिले त्या बाजूपासूनचे अंतर) दोन. चौथे हवे म्हणून तिसऱ्या बाजूभोवती आघूर्ण घेतले. निश्चयक शून्य! या वेळी मात्र घाबरले नाही, ओळी तपासल्या, आणि चौथे समीकरण पहिल्या तिघांतूनच निघते हे दिसले. आता उदाहरणात उरलेले वाक्यही नाही. पुस्तकात उत्तर प्रत्येकी २० न्यूटन दिले आहे.

गोदाकाठ_परभणी

तुम्ही नेमके ओळखलेत. सपाटीवर टेकलेल्या दृढ वस्तूला उभ्या बलांसाठी स्वतंत्र समीकरणे तीनच मिळतात. तिवईला तीन पाय असतात, म्हणून तिथे उत्तर एकमेव येते. चौरंगाला चार पाय आहेत. २० न्यूटन हे उत्तर चारही पाय अगदी सारखे, फरशी अगदी सपाट, आणि पाय किंचित दबणारे आहेत, अशा जादा गृहीतकावर उभे आहे. ते पुस्तकाने लिहायला हवे होते.

आता पाय कडेकडेने क्रमाने १, २, ३, ४ घ्या आणि (१, −१, १, −१) हा सदिश तुमच्या समीकरणांत घालून पाहा. बेरीज शून्य, आघूर्णेही शून्य. म्हणजे त्याची कोणतीही पट २०-२०-२०-२० मध्ये मिळवली तरी समतोल बिघडत नाही. एक काम करा : दुसरा पाय फरशीला टेकलेलाच नाही, असे मानून चारही प्रतिक्रिया काढा, आणि घरी चौरंग असेल तर पडताळून पाहा.

प्रथमवर्ष_लातूर

काढल्या. दुसरी प्रतिक्रिया शून्य हवी म्हणून त्या सदिशाची २० पट मिळवली : ४०, ०, ४०, ०. दुसरा पाय उचलला गेला तर चौथ्यावरही काहीच भार राहत नाही, हे मला अजिबात अपेक्षित नव्हते; त्याचा भार बाकीच्या तिघांत वाटला जाईल असे वाटले होते.

घरातला देवपूजेचा चौरंग आईला विचारून घेतला. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या पायाखाली पुठ्ठ्याचा एकेक तुकडा ठेवला, मग चारही पायांखाली वहीच्या कागदाची एकेक पट्टी सरकवली आणि चौरंगाच्या बरोबर मध्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवली. दुसऱ्या आणि चौथ्या पायाखालची पट्टी बोटाने ओढताच अलगद बाहेर आली. पहिली आणि तिसरी ओढली, तर दोन्ही फाटल्या.